आगोटीचा हिशेब

आईच्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याला एक पान असे. मे महिन्याला मात्र तीन लागत. तांदूळ, कुळीथ, कांद्याच्या माळा, वर्षाची मिरची आणि मसाला, सुके बांगडे, सोडे, जवळा, कोकमं, आगळाच्या बाटल्या, लाकूडफाटा, पडवीला लावायची झापं, कौलं चाळायला येणाऱ्या गड्याची मजुरी. या सगळ्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. मृग लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात यायला हवी, कारण एकदा पाऊस धरला की बाजार, होडी आणि रस्ता यांतल्या कशाचाच भरवसा नसे. वडिलांचा पगार बारा महिने सारखाच होता, खर्च मात्र कधीच सारखा नव्हता. आई दिवाळी झाली की मेच्या पानासाठी पैसे बाजूला टाकायला लागायची.

ही वही मी पुन्हा काढली ती डोंबिवलीच्या मामेभावामुळे. तो बावन्न वर्षांचा आहे, कंपनीने मुदतीआधीच निवृत्ती देऊ केली आहे आणि त्याच्या मनात परत यायचं आहे. फोनवर त्याने सरळ विचारलं, ‘ताई, रत्नागिरीत राहायला महिन्याला किती लागतील? नीट राहायचं हं, ओढाताण नको.’ मी पटकन ‘चाळीस हजार’ म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर तो आकडा मला टोचत राहिला. चाळीस कुणाला पुरतील? भाड्याच्या घरात की स्वतःच्या? आणि दर महिन्याला लागतील म्हणजे नेमकं काय, जिथे निम्म्या गावाची कमाईच महिन्याच्या मापात बसत नाही? मग पुढचे काही आठवडे मी वही-पेन घेऊन नाचण्यापासून मिरकरवाड्यापर्यंत हिंडले.

पहिल्यांदा सरकारला विचारलं, म्हणजे सरकारी आकड्यांना. माणसाला जगायला किती लागतं याचं मोजमाप आपल्या देशात १९५७ साली दिल्लीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलेल्या डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांचं सूत्र त्याला आधार होतं. प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. कमावता पुरुष म्हणजे एक एकक, त्याची बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६, एकूण तीन. हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया असलेल्या, नवरा मुंबईत आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या अंगावर अशा या जिल्ह्यात ते ०.८ वाचताना मला आजीची आठवण आली. तिने उचललेल्या कामाला किती कॅलरी लागत असतील ते त्या कोष्टकात कुठेच नव्हतं. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात या सूत्राला आणखी पंचवीस टक्क्यांची जोड दिली. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण हेही किमान गरजेतच येतात, असं न्यायालयाने मान्य केलं. गणपतीचा खर्च ही कोकणी माणसाची हौस नसून गरज आहे, हे मला तिथे कायद्याच्या भाषेत सापडलं.

याच सूत्राने सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरवलं. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर ते २८,४४० होतं. त्यावर घरभाडं भत्ता. त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. मुंबई-पुण्याला मूळ वेतनाच्या ३० टक्के, मधल्या शहरांना २० आणि रत्नागिरीसारख्या शहरांना १० टक्के. म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मुंबईत घरभाड्यापोटी ५,४०० मिळतात, रत्नागिरीत १,८००. मुंबईचे भाव ५,४०० ला कुठेच जुळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण १,८०० रुपयांत रत्नागिरीत काय मिळतं? मी विचारत गेले. नाचणे, कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिराच्या मागच्या गल्ल्या. एका खोलीत चार कॉलेजकुमार राहतात आणि प्रत्येकजण जवळजवळ तेवढे देतो. संसार मांडता येईल अशी एक बेडरूम, हॉल, किचनची जागा मला आठ हजारांच्या खाली मनासारखी दिसली नाही, आणि दहा-बारा सांगणारेही भेटले.

मग मी आठ हजार धरूनच हिशेब मांडला. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं, एक दुचाकी. किराणा साडेसहा हजार. दूध दिवसाला दीड लिटर म्हणजे सत्तावीसशे. भाजी-फळं अडीच हजार, मासळी आणि अंडी तीन हजार. गॅस नऊशे, वीज बाराशे, मोबाईल आणि इंटरनेट हजार. पेट्रोल आणि अधूनमधून रिक्षा अडीच हजार. रत्नागिरी चढ-उताराचं गाव आहे, रेल्वे स्टेशन शहरापासून लांब, त्यामुळे गाडीशिवाय भागत नाही. शाळेची फी, क्लास, वह्या-पुस्तकं महिन्याला सहा हजार पडतात. किरकोळ औषधपाणी दीड हजार. कपडे, सण, पाहुणे, लग्नातले आहेर तीन हजार. विमा दोन हजार. बेरीज ४०,८०० झाली. यात शिल्लक एक रुपया नाही. दहा हजार बाजूला टाकायचे म्हटले तर पन्नास हजार ओलांडतात. म्हणजे मी भावाला सांगितलेले चाळीस हे भाड्याच्या घरात जेमतेम हातातोंडाची गाठ पडण्याचे होते.

२०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. चौघांचे होतात २८ हजार. माझी बेरीज त्याहून बरीच वर आहे. ती मी पुन्हा पुन्हा तपासली, पण दुधाचा पाव लिटर कमी करण्यापलीकडे काही काटता येईना. आणि ते काटणं म्हणजेच ओढाताण, जी भावाला नको आहे.

आता गावात पगार काय आहेत ते पाहा. कापडाच्या दुकानातल्या मदतनीस मुलीने मला दहा हजार सांगितले, औषधाच्या दुकानातल्या मुलाने बारा. खाजगी दवाखान्यातली आया दहाच्या आतच. घरातली दोन माणसं अशी कामं करत असली तरी बावीस-चोवीस हजार येतात. एमआयडीसीत, फिनोलेक्समध्ये, जयगडच्या वीज प्रकल्पात कायम नोकरी असलेले, शिक्षक, बँकवाले, सरकारी माणसं हे यातून वर. पण गावाचा मोठा भाग त्या बावीस-चोवीस हजारांच्या आसपास आहे. सरकार या माणसांकडे किती रेघांमधून पाहतं! शहरात वर्षाला ५९,००० च्या आत उत्पन्न असेल तर रेशनचं प्राधान्य कुटुंब. अडीच लाखांच्या आत असेल तर लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये. आठ लाखांच्या आत असेल तर आर्थिक दुर्बल घटक. आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत आयकर नाही. ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. त्या उत्पन्नात शहरात घर चालवणारं कुटुंब मला भेटलं नाही, आणि तरी त्या कार्डावर धान्य घेणारी घरं गल्लीगल्लीत आहेत, कारण त्या धान्याशिवाय त्यांचं भागणारच नाही.

मग ही माणसं राहतात कशी? उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दुकानातली ती मुलगी राजिवड्यात वडिलोपार्जित घरात राहते, भाडं नाही. औषधाच्या दुकानातला मुलगा रोज खेडशीहून येतो, तांदूळ शेतातला. आयाबाईंचे आंबे-फणस परसातले, आणि २०२३ मध्ये एसटीला बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून शहरातलं येणं-जाणं त्यांना परवडतं. म्हणजे रत्नागिरी स्वस्त नाही. रत्नागिरीत घराचे चार खांब पैशाबाहेर उभे आहेत म्हणून ती स्वस्त भासते. बाहेरून आलेल्या परिचारिकेला, बँकेत बदलून आलेल्या कोल्हापूरच्या मुलाला, बोटीवरच्या नेपाळी खलाशाला हे खांब नसतात. त्यांच्यासाठी हे शहर कुठल्याही शहराइतकंच महाग आहे.

मासळीचंच घ्या. मुंबईकरांना वाटतं, रत्नागिरीत काय, मासे फुकट. मिरकरवाड्याला सकाळी लिलाव चालू असताना एकदा उभं राहून बघावं. पापलेट, मोठी सुरमई, मोठी कोळंबी बर्फात बसून थेट बाहेरची वाट धरते. गावाच्या ताटात येतो तो बांगडा, तारली, मांदेली, सौंदाळा. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या ६१ दिवसांत खलाशाला कमाई नाही, आणि गावाला ताजी मासळी मिळाली तरी चढ्या भावाने. पर्ससीन बोटींना तर २०१६ च्या आदेशानंतर राज्याच्या समुद्रात सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मिळतात. ज्या घराची कमाई त्या बोटीवर आहे त्या घरात ‘महिन्याला किती मिळतात?’ हा माझा प्रश्न दोन वेळा विचारूनही कळला नाही. तांडेलाच्या बायकोने शेवटी मला समजावलं की त्यांच्याकडे हंगाम विचारायचा असतो. हंगामात आलेल्या पैशातून आधी पतसंस्थेचा हप्ता, मग मुलांची फी, मग सोनं. जूनमध्ये तेच सोनं गहाण पडतं आणि नारळी पौर्णिमेनंतर सुटतं. तिच्या दृष्टीने चांगलं वर्ष म्हणजे जून-जुलैत पाटल्या हातात राहिल्या ते वर्ष. मला तिची ही कसोटी आयक्रॉइडच्या सूत्राइतकीच भक्कम वाटते.

आंब्याची गोष्ट याहून अवघड. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव साता समुद्रापार गेलं, पण बागायतदाराची वही पाहिली तर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पानं फक्त खर्चाची. मोहोर, तुडतुडे, फुलकिडे, फवारण्या, राखणीची माणसं, पेट्या, वाहतूक. बऱ्याच जणांनी वाशीच्या दलालाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि मे अखेरीस पट्टी येते तेव्हा त्यातून उचल वजा होऊन काय उरतं त्यावर वर्ष ठरतं. पहिल्या पेट्यांचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो. मेच्या मध्यावर त्याच फळाचा भाव कुठे घसरतो ते छापून येत नाही. २०२५ साली तर मान्सूनच २५ मेला तळकोकणात उतरला आणि त्याआधीच पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. झाडावरचा शेवटचा आंबा गेला. कौलं चाळायची राहिली होती, वाळत घातलेली मासळी भिजली, कोकमं सुकली नाहीत. माझ्या आत्याच्या ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच तिची आगोट अर्धी राहिली.

बाहेरून येणाऱ्या पैशावर जगायची रत्नागिरीला जुनी सवय आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. सरकारच्या तनख्यात त्याच्या लवाजम्याचं भागत नसे, बरोबर आणलेली रत्नं विकावी लागत. १९१० मध्ये तो टेकडीवरच्या नव्या राजवाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू हिने पुढे याच गावात अतिशय गरिबीत संसार केला. ती २००० साली गेली. थिबा पॅलेसच्या रस्त्याने जाताना मला त्या वाड्यापेक्षा तीच जास्त आठवते. आजोबांना दर महिन्याला तनखा येत होता, पण तो दुसऱ्याच्या मर्जीचा होता आणि नातीपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही.

सामान्य घरांचा तनखा गिरणगावातून येत असे. मनीऑर्डर. पोस्टमन पडवीत बसायचा, पाणी प्यायचा, आजीचा अंगठा घ्यायचा आणि नोटा मोजून द्यायचा. मुंबई सरकारच्या श्रम कार्यालयाने १९२३ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल काढला, तेव्हा गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं मोठ्या संख्येने होती. त्या माणसांचे अर्धे संसार इथे, समुद्राकाठी चालले होते. एक माणूस खानावळीत जेवून दोन घरं चालवत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कित्येक वाड्यांत मनीऑर्डर थांबली. तरीही त्या घरांना इथे उपाशी राहावं लागलं नाही, कारण भाताचं कोठार, परसातला फणस आणि भावकी होती. तेच लोक मुंबईच्या खोलीत राहिले असते तर काय झालं असतं हे त्या पिढीला विचारावं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. गावं रिकामी होत आली, आणि तसे ते खांबही एकेक करून खचत चालले आहेत. शेत पडीक असेल तर तांदूळ विकतचाच.

माझ्या चाळीस-पन्नास हजारांच्या हिशेबात सगळ्यात मोठी चूक मात्र दुसरीच होती. रत्नागिरीचा खर्च रत्नागिरीत होतच नाही.

सात वर्षांपूर्वी पहाटे वडिलांच्या छातीत कळ आली. इथल्या डॉक्टरांनी तपासून कोल्हापूरला न्यायला सांगितलं. आंबा घाटातून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, जुलै महिना, धुकं, आणि मागे रुग्णवाहिकेत आई त्यांचा हात धरून बसलेली. बारा दिवस आम्ही तिथे होतो. उपचारांचं बिल मोठं होतं, पण ते एका कागदावर होतं. न दिसणारा खर्च निराळाच: लॉजची खोली, दोन वेळचं बाहेरचं जेवण, गाडीच्या फेऱ्या, भावाची बिनपगारी रजा, आणि मग वर्षभर दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी तोच घाट. आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण पाच लाखांपर्यंत आणि सगळ्या कुटुंबांना आहे, रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ते पूर्ण ताकदीने उभं राहिलं तर या जिल्ह्याच्या घरखर्चात जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही अनुदानाने पडणार नाही. पण मेंदूची शस्त्रक्रिया, कॅन्सरचे लांबलचक उपचार यांसाठी आजही गाडी घाटाकडे किंवा मुंबईकडेच वळते, आणि योजनेत लॉजचं भाडं बसत नाही.

दुसरी वाट शिक्षणाची. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२. आम्ही त्या दिवशी पेढे वाटतो. आणि ही मुलं जातात कुठे? इथे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी आहे. तरी बारावीनंतरच्या पावसाळ्यात रहाटाघरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीला ट्रंक चढवणारे आई-बाप पाहिले की उत्तर कळतं. माझा मुलगा पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहे. खाट, मेस, बसचा पास, वरखर्च मिळून महिन्याला चौदा हजार, फी निराळी. रत्नागिरीत आमच्या दोघांच्या खाण्यापिण्यावर एवढे खर्च होत नाहीत. चार वर्षं मुलगा पुण्यात म्हणजे घराचं दुसरं भाडं भरणंच आहे.

एक दिवस त्याला मोबाईलवरून पैसे पाठवताना माझा हात थांबला. आजोबा मुंबईहून याच घरात मनीऑर्डर पाठवत. आता मी याच घरातून शहराकडे पाठवते. टपाल खात्याची जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, पण पैशाची वाट बंद झाली नाही, ती उलटी फिरली. आणि ज्या घरात पाठवायला काही नाही, त्या घरातली मुलगी ९२ टक्के मिळवूनही औषधाच्या दुकानात उभी राहते. आरामात राहायला किती लागतात, या प्रश्नाचा खरा काटा मला इथे लागला. पोट भरायला रत्नागिरीत थोडे कमी लागतात. पण आजारी पडायला आणि पुढे शिकायला मुंबईकराला लागतात तेवढेच लागतात, वर प्रवासखर्च.

मामेभाऊ गणपतीला आला. तुतारी एक्स्प्रेसला उभं राहून आला, सोबत वहिनी आणि चार पिशव्या. पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर मी त्याच्यापुढे कागद ठेवला. शहरात फ्लॅट भाड्याने घेतला तर पन्नास हजार. पावसजवळच्या वाडीतलं जुनं चिऱ्याचं घर दुरुस्त करून राहिला तर पस्तीस, त्यात वर्षाची शाकारणी आणि माकडांनी फोडलेली कौलं धरली आहेत. त्याच्या मुलीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत दोन्हींत पंधरा मिळवायचे. आणि खाली वेगळ्या शाईने एक ओळ: आगोट, सहा लाख.

‘ही कसली?’ त्याने विचारलं.

मी सांगितलं की हे पैसे महिन्याचे नाहीत. हे आधीच बाजूला ठेवायचे आणि विसरायचे. घाट चढायची वेळ आली, पाऊस लवकर आला, पेन्शनचा कागद कुठे अडकला, तर वर्षभर घर चालेल एवढे. ते असतील तर पस्तिसात तू सुखाने राहशील. नसतील तर ऐंशी हजारांतही तुला रात्री झोप लागणार नाही.

तो कागदाकडे बघत राहिला. मग बोटाने पस्तीसच्या ओळीवर आला आणि मोबाईलमध्ये कसलीतरी बेरीज करू लागला. वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. डोंबिवलीत वीस वर्षं त्यांनी पहाटे चारला उठून पाणी भरलं आहे. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, आकडे वाचले नाहीत, आणि मला विचारलं, ‘ताई, वाडीतल्या विहिरीला मेमध्ये पाणी असतं का?’

असतं, मी म्हटलं. पण वीस एप्रिलनंतर पंप लावायचा नाही, पोहऱ्यानेच काढायचं. शेजारच्या दोन घरांचं पाणी त्याच झऱ्यावर आहे.

‘मग पोहरा घेऊन ठेवू,’ वहिनी म्हणाल्या, आणि माझं पेन घेऊन सहा लाखांच्या खाली त्यांनी ते लिहिलं.